काकांची वही, टीव्हीवरचा एक्स्पर्ट आणि दहा लाख

काका, तुमचा मेसेज आणि वहीचे फोटो मिळाले. थोडक्यात, तुम्ही 61 वर्षांचे, एसटीतून रिटायर, रिटायरमेंटच्या पैशातले 10 लाख टीव्हीवरच्या सकाळच्या शोमधल्या एका एक्स्पर्टच्या शेअर टिप्सवर लावायचे आणि त्याचं 35,000 चं वर्षाचं पॅकेज पण घ्यायचंय. मुलगा म्हणतो सगळे चोर असतात, तुम्ही म्हणता हा माणूस सरळ आहे, चुकला की टीव्हीवर कबूल करतो. आणि तुमच्या वहीप्रमाणे 40 पैकी 27 टिप्स बरोबर आल्या.

वही ठेवलीत हे बघून खरंच बरं वाटलं, एवढं कुणी करत नाही. पण त्या वहीतलंच गणित केलं का? मी रात्री बसून केलं. बरोबर आलेल्या 27 मध्ये टार्गेट सरासरी 3 टक्क्यांचं, म्हणजे सगळे मिळून 81. चुकलेल्या 13 मध्ये सरासरी 7 टक्के गेले, कारण स्टॉपलॉस (तोटा थांबवायला ज्या भावाला विकायचं तो) बहुतेक वेळा लांबचा होता, म्हणजे 91. प्रत्येक टिपवर सारखेच पैसे लावले असते तर 27 वेळा जिंकूनसुद्धा तुम्ही मायनसमध्ये, आणि अजून एसटीटी (शेअर व्यवहारावरचा सरकारी कर), बाकीचे चार्जेस धरलेच नाहीत. शिवाय तुम्ही भाव लिहिलाय तो त्याने सांगितला तो, तुम्ही मोबाईल उघडून ऑर्डर टाकेपर्यंत तोच शो बघणारे बाकीचे पण तेच करतायत, भाव तिथे थांबत नाही हो.

चूक कबूल करतो म्हणता, पण 13 चुकांपैकी फक्त 4 पुढे तुम्हीच "मान्य केलं" असं लिहिलंय. बाकीच्या 9 चं काय झालं? त्या शेअर्सची नावं नंतर शोमध्ये आलीच नाहीत, बस.

आता प्रामाणिकपणाचं. सगळे चोर हे मुलाचं म्हणणं मला पटत नाही, पण त्याची भीती हवेतली नाही. 2021 च्या जानेवारीत शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने सीएनबीसी आवाज चॅनेलचे अँकर हेमंत घई यांच्यावर अंतरिम आदेश काढला होता. शोमध्ये जे शेअर सांगायचे ते आदल्या दिवशी घरच्यांच्या खात्यात घेतलेले आणि शो झाल्यावर विकलेले, असा आरोप, आणि 2.95 कोटी जप्त करायला सांगितले. मग फेब्रुवारी 2024 मध्ये झी बिझनेसवर येणाऱ्या काही पाहुण्या एक्स्पर्ट्सवर तसाच अंतरिम आदेश, शोमध्ये काय सांगणार ते आधीच दुसऱ्यांना कळवायचे असा आरोप, तिथे 7.41 कोटी. गंमत म्हणजे यात टिप खोटी असायची गरजच नसते. भाव थोडा वेळ वर जातो, तुमच्या वहीत "बरोबर" अशी टिकमार्क पण येते, फक्त वर विकणारा वेगळा आणि वर घेणारे तुम्ही.

तुमचा माणूस तसा आहे असं मी अजिबात म्हणत नाही, ते मला किंवा तुम्हाला सोफ्यावर बसून कळणार पण नाही. म्हणून मी तो प्रश्न बाजूला ठेवतो. समजा तो शंभर टक्के सरळ आहे. तरी पॅकेजचे 35,000 अधिक 18 टक्के जीएसटी म्हणजे 41,300 झाले, 10 लाखांवर 4 टक्क्यांच्या वर तर पहिल्याच दिवशी गेले. तेच 10 लाख पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाकले तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तीन महिन्यांनी 20,500 हातात, वर्षाला 82,000. म्हणजे नुसती बरोबरी करायला त्याच्या टिप्सनी 12 टक्क्यांच्या वर कमवून द्यायला हवं, दरवर्षी, आणि वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर 20 टक्के टॅक्स आहे तो वेगळा.

मी तुमच्या जागी असतो तर 8 लाख त्या स्कीममध्ये टाकले असते, 2 लाख निफ्टी इंडेक्स फंडात (निफ्टी म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, फंड त्याच कंपन्यांचे शेअर घेतो) तेही महिन्याला थोडे थोडे, आणि पॅकेज नाही. (मीपण नवीन असताना टीव्हीवर ऐकून एक शेअर घेतला होता, अजून डीमॅटमध्ये पडून आहे, बायको अधूनमधून त्याची चौकशी करते.)

शो बघायचा बंद करा असं नाही म्हणत, सकाळ छान जाते तुमची. वही चालू ठेवा, फक्त तीन कॉलम वाढवा: टिप सांगितल्यावर पाच मिनिटांनीचा भाव, शेवटी किती टक्के आले किंवा गेले, आणि त्याच दिवसांत निफ्टी किती हलला. पैसे न लावता एक वर्ष.

आणि तरीही पॅकेज घ्यायचंच असेल तर आधी त्याचा आयएनएच (INH) ने सुरू होणारा सेबी नोंदणी नंबर मागा, सेबीच्या साइटवर स्वतः टाकून बघा, पेमेंट कुणाच्या पर्सनल यूपीआयवर तर अजिबात नको. रिटर्नची गॅरंटी दिली तर फोन ठेवून द्या, नोंदणी असलेल्याला तशी गॅरंटी देताच येत नाही. मुलाला हे वाचून दाखवा, आणि त्या 9 टिप्सची नावं मला पाठवा, आता कुठे आहेत ते मलाही बघायचंय.