खटके उडायला लागले म्हणजे टीम मोडली का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे सोबत काम करणाऱ्या माणसांबद्दल आहेत. त्यातले चार प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : अंधेरी आणि ठाण्याची दोन ऑफिसे एकत्र करून हिशेबाची नऊ जणांची टीम झाली आणि मला प्रमुख नेमले. पहिला महिना छान गेला. आता रोज कुणाचे तरी कुणाशी वाजते. माझे काही चुकते आहे का? (एक वाचक, मुलुंड)

पहिला महिना छान गेला, कारण सगळे एकमेकांशी पाहुण्यासारखे वागत होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी लहान गटांवरचे तोवरचे संशोधन चाळून १९६५ साली चार टप्पे मांडले. माणसे जमतात, मग त्यांचे खटके उडतात, मग वागण्याच्या रीती ठरतात आणि त्यानंतर काम वेग घेते. १९७७ मध्ये त्यांनी मेरी अ‍ॅन जेन्सन यांच्यासोबत गट विसर्जित होण्याचा पाचवा टप्पा त्यात घातला. तुम्ही दुसऱ्या टप्प्यावर आहात. हा क्रम काही अटळ नाही. एक जुना माणूस गेला किंवा नवा आला तरी टीम पुन्हा मागच्या टप्प्यावर जाऊ शकते.

दोन आठवडे प्रत्येक खटका वहीत टिपा : कोणत्या तारखेला, कोणत्या कामावरून. हिशेबाच्या कामात ७ तारखेचा टीडीएस (कापलेल्या कराचा भरणा), ११ तारखेचे जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) आणि २० तारखेचे जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) यांच्या आदल्या दोन-तीन दिवसांत खटक्यांची गर्दी दिसली, तर भांडण स्वभावांचे नाही, तारखांचे आहे. एका ऑफिसात बिले २५ तारखेला बंद होत असतील आणि दुसऱ्यात महिनाअखेरीस, तर ११ तारखेपूर्वी कुणाची तरी रात्र होणारच आणि राग शेजारच्या टेबलावर निघणारच.

मग प्रत्येकाशी वीस-पंचवीस मिनिटे एकट्याने बोला. तुमचे काम कुठे अडते? कुणाकडून काय, किती तारखेपर्यंत हवे? तुमच्या जुन्या ऑफिसातली कोणती पद्धत टिकावी असे वाटते? तिसरा प्रश्न वगळू नका. ऑफिस एकत्र होते तेव्हा माणसाची वर्षानुवर्षांची घडी मोडते, आणि त्याबद्दल त्याला सहसा कुणी विचारलेले नसते. शेवटी नऊही जण तासभर बसा आणि एका पानावर लिहा : प्रत्येक तारखेचे काम कोण तयार करणार, कोण तपासणार, वाद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, उशीर होणार असेल तर किती दिवस आधी सांगायचे. दोन्ही ऑफिसांची निदान एकेक पद्धत त्या पानावर आली पाहिजे. हे पान तुम्ही एकट्याने लिहून मेलवर पाठवलेत, तर ते तुमचे फर्मान ठरेल आणि कुणी पाळणार नाही.

एक सापळा सांगून ठेवतो. एकजण येऊन दुसऱ्याची तक्रार करतो, तुम्ही ती दुसऱ्याकडे पोहोचवता. असे महिनाभर चालले की सगळे तुमच्यावर विश्वास ठेवतात आणि एकमेकांवर कुणीच नाही. तक्रार ऐका, आणि त्याच दिवशी दोघांना समोरासमोर बसवा.

प्रश्न : मी परळच्या एका रुग्णालयात वॉर्डची इन-चार्ज सिस्टर आहे. ‘चूक झाली तर लगेच सांगा, मी ओरडणार नाही’ असे सांगितल्यापासून औषधांच्या चुकांच्या नोंदी वाढल्या. मेट्रन विचारतात, तुमच्या वॉर्डात चालले आहे काय? (एक वाचक)

मेट्रनबाईंना हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांचे काम दाखवा. १९९० च्या दशकात त्यांनी दोन रुग्णालयांतल्या आठ युनिटांमध्ये औषधांच्या चुका आणि टीमचा एकोपा यांचा संबंध तपासला. चांगल्या टीमच्या चुका कमी निघतील असा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर कळले की तिथल्या परिचारिका चुका उघडपणे बोलत होत्या, तर बाकी ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या.

म्हणून नुसती बेरीज दाखवू नका. नोंदवहीत दोन रकाने करा : रुग्णापर्यंत पोहोचलेली चूक, आणि पोहोचण्याआधी हातात पकडलेली चूक. दुसरा रकाना वाढतोय आणि पहिला स्थिर आहे किंवा घटतोय, तर वॉर्ड अधिक सुरक्षित होतो आहे. पहिलाही सलग दोन-तीन महिने वाढत राहिला, तर मात्र मेट्रनबाईंची काळजी रास्त आहे. मग पाळीला किती सिस्टर आहेत, औषधे कशी मांडली आहेत, हे तपासायला हवे.

सांगायला आलेल्या मुलीला तुमचे पहिले वाक्य आयुष्यभर आठवते. ‘बरं झालं लगेच सांगितलंस, पेशंट कसा आहे?’ एवढेच म्हणा. ‘कुणी केलं?’ हा प्रश्न मागे ठेवा, ‘कसं झालं?’ आधी विचारा. आठवड्याच्या आत त्या नोंदीमुळे एक तरी बदल करा आणि पाळी बदलताना ओव्हर (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती) देतो त्या वेळी सर्वांसमोर सांगा : सारख्या दिसणाऱ्या दोन अँप्यूल (इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या) एकाच ट्रेमध्ये होत्या, आजपासून वेगळ्या ठेवल्या. सांगूनही काहीच बदलत नाही असे दिसले की नोंदी आपोआप थांबतात, आणि तेव्हा वरवर सगळे छान दिसते. आम्हाला भीती त्या शांततेची वाटते.

‘ओरडणार नाही’ याची मर्यादाही आजच स्पष्ट करा. नजरचुकीला शिक्षा नाही. सवयीने घेतलेल्या आडवाटेला समज, आणि ती आडवाट का घ्यावी लागते याचा शोध. न दिलेले औषध दिले म्हणून चार्टवर लिहिणे यावर कारवाई होणारच. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे मुलींना आधीच माहीत असेल, तर कारवाई झाल्यावरही विश्वास टिकतो.

प्रश्न : आमच्या महिला गोविंदा पथकात यंदा बऱ्याच नव्या मुली आहेत. जुन्या मुली त्यांना खांद्यावर घ्यायला कचरतात. गुरुपौर्णिमेपासून सराव, हातात पाच-सहा आठवडेच. (एक वाचक, जोगेश्वरी)

त्या कचरतात ते योग्यच आहे. जिचा तोल पाहिला नाही तिला खांद्यावर का घ्यावे? पहिला आठवडा दोन थरांच्या पुढे जाऊ नका. नव्यांना आधी खालच्या घेऱ्यात उभे करा, म्हणजे वजन आणि धक्का काय असतो ते त्यांना कळेल. कुणाच्या खांद्यावर कोण, या जोड्या ठरवा आणि दोन आठवडे बदलू नका.

चढण्याइतकाच उतरण्याचा सराव करा. स्पेनमधल्या कॅटालोनियातल्या मानवी मनोऱ्यांच्या स्पर्धेत, ज्या परंपरेला २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले, मनोरा उभा राहून उतरताना कोसळला तर गुण कमी मिळतात. पूर्ण गुणांसाठी तो सुखरूप उतरवावा लागतो. तुमच्या सरावातही थर उतरल्यावरच मोजा.

हुकूम देणारा आवाज एकच असावा. पण ‘उतरा’ म्हणण्याचा हक्क खालच्या प्रत्येकीला हवा, कारण पाय सरकतोय हे वरच्यांना कळत नाही. असे म्हणणाऱ्या मुलीला सरावानंतर टोमणा बसला, तर पुढच्या वेळी ती गप्प राहील आणि वरची मुलगी पडेल. गाद्या, हेल्मेट आणि वरच्या थराला दोर हे विश्वासाच्या बदल्यात सोडायचे नसते. १४ वर्षांखालील मुलींना थरात घेऊ नका, त्याला मनाई आहे.

प्रश्न : १४ जणांच्या टीमला दर तीन महिन्यांनी लोणावळ्याला नेतो. तरी मीटिंगमध्ये तिघेच बोलतात. (एक वाचक, विक्रोळी)

पिकनिकने ओळख होते, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण सोमवारी दिलेला शब्द शुक्रवारी पाळला जातो की नाही, हे लोणावळ्यात कळत नाही.

१४ माणसांत दोघादोघांच्या ९१ जोड्या होतात, सात जणांत २१. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान यांनी १९१३ मध्ये छापलेल्या दोरी ओढण्याच्या प्रयोगांत आठ जण मिळून ओढू लागले, तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना लागतो त्याच्या जवळपास निम्मा भरला. गट मोठा झाला की माणूस मागे राहतो. म्हणून सात-सात जणांचे दोन गट करा आणि दोन्ही गटांना आपापले पूर्ण काम द्या. मुंबईचे डबेवालेही हजारोंच्या संख्येने असले तरी काम करतात ते मुकादमाच्या हाताखालच्या लहान गटांत.

मीटिंगमध्ये आधी तीन मिनिटे सर्वांना कागदावर लिहू द्या, मग सर्वांत नव्या माणसापासून बोलायला सुरुवात करा. तुमचे मत सर्वांत शेवटी सांगा. दोन महिने असे करूनही लोक गप्पच राहिले, तर पूर्वी कधी कुणी स्पष्ट बोलले आणि त्याचे प्रमोशन अडले का, याची चौकशी करा. तो माणूस अजून टीममध्ये असेल, तर आधी त्याच्याशी एकट्याने बोला.