पहिला अल्बम घरीच रेकॉर्ड करतोयस, तर

भाऊ, डेमो ऐकले. बापाच्या कर्जावरचं गाणं अस्सल आहे. पण दुसऱ्या कडव्यात ‘वेदना’, ‘अंधार’ आले आणि माणूस दिसेनासा झाला. सावकाराच्या ओट्याखाली चप्पल काढून उभा राहिलेला बाप पहिल्या कडव्यात आहे ना, त्यालाच पुढे ने. आणि गाणं बाहेर काढण्याआधी घरच्यांना ऐकव. दुःख त्यांचंही आहे. एखादी ओळ नको म्हणाले तर काढ, वाद घालू नको.

घरात कापूस भरलेली खोली असेल तर तिथेच गा, कापूस घुमारा खातो. पंखा, कूलर बंद. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये २४ बिट ठेव, मीटरवर सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे, म्हणजे जोरात गायलास तरी फाटणार नाही.

खंजिरी मात्र वेगळ्या ट्रॅकवर घे, माइक दोन हात लांब. तिच्या चकत्या गिटारला झाकून टाकतात. खंजिरीवर भजनं गाणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या मुलखात राहतोस, सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेले तयार तुकडे, कशाला वापरतोस? भजनी मंडळातला वाजवणारा बोलाव, त्याला मानधन दे, नाव छाप.

तिसऱ्या गाण्यात गळा दाटतो तो टेक तसाच ठेव. सूर यंत्राने सरळ करणारं ऑटोट्यून लावू नकोच.