दहावीनंतर वीज क्षेत्रात: शिकाऊ उमेदवारीचे तीन प्रश्न

मुलगा यंदा दहावी झाला. महावितरणमध्ये थेट शिकाऊ म्हणून घेतात का, की आयटीआय करावेच लागते? वीजतंत्री चांगला की तारतंत्री? – एक पालक, वाई

दहावीवर थेट शिकाऊ होण्याची सोय शिकाऊ उमेदवारी कायद्यात आहे. पण महावितरणची मंडळ कार्यालये जाहिरात काढतात ती बहुतेक आयटीआय झालेल्यांसाठी. त्यामुळे दोन वर्षे आयटीआय आणि मग एक वर्ष शिकाऊ उमेदवारी, हाच सरळ रस्ता. धोकादायक उद्योगातल्या ट्रेडसाठी कायद्यानेच वयाची अट 18 ठेवली आहे. आयटीआय संपेपर्यंत मुलगा बहुतेक त्या वयाच्या आसपास येतो.

वीजतंत्रीला (इलेक्ट्रिशियन) दहावीत गणित-विज्ञान लागते, तारतंत्रीला (वायरमन) आठवी पासही चालतो. महावितरणच्या विद्युत सहाय्यक या पदाच्या भरतीत दोन्ही ट्रेड घेतात. तरी जागा मिळत असेल तर वीजतंत्रीच घ्यावा. त्यात मोटार, रिवाइंडिंग, पॅनेल शिकवतात, म्हणजे कंपनीत नाही जमले तर एमआयडीसीचे दार उघडे राहते.

एक काम आजच करा. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि शाळेचा दाखला यांवरचे नाव अक्षरन् अक्षर जुळते का ते बघा. पुढे केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करताना गाडी अडते ती इथेच. बँक खातेही आधारशी जोडून घ्या.

आयटीआय झाले. एक ठेकेदार म्हणतो, ‘दोन महिने तसाच ये, करार नंतर करू.’ आणि शिकाऊ उमेदवारी केली की नोकरी पक्की असते का? – एक वाचक, बार्शी

तसे जाऊ नका. पोर्टलवर करार नोंदला गेला नाही तर तुम्ही शिकाऊ नाही. तुमचे दिवस मोजले जाणार नाहीत, परीक्षेला बसता येणार नाही आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्रही मिळणार नाही. पोलवरून पडलात तर गोष्ट आणखी बिघडते. करार असेल तर कलम 16 नुसार भरपाईची जबाबदारी मालकावर येते; नसेल तर ‘हा आमचा माणूसच नाही’ म्हणायला तो मोकळा. विद्यावेतनाची किमान रक्कम 2019 च्या नियमांत आयटीआय उत्तीर्णांना महिना 7,000 रुपये होती. ही तळाची रेघ आहे. करारातला आकडा वाचूनच सही करा.

नोकरी पक्की नसते. मालकाने कामावर घेतलेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये एवढेच सांगितले की बाकी सगळे सारखे असेल तर शिकाऊ म्हणून काम केलेल्याला प्राधान्य द्यावे. प्रमाणपत्र मात्र जपा. तारमार्गतंत्री (वायरमन) परवान्याच्या अर्जाला ते उपयोगी पडते, आणि परवाना हातात असला की घरगुती वायरिंगची कामे रीतसर करता येतात.

सेक्शन ऑफिसला शिकाऊ आहे. लाइनमन सांगतात, ‘डीपीवर जाऊन फ्यूज टाकून ये.’ एकट्याने जावे का? – एक शिकाऊ, जि. जालना

नाही. ‘सोबत येतो, दाखवा’ म्हणा. नुसता फ्यूजच तर टाकायचा, असे वाटते, पण डीपीवर (खांबांवरच्या ट्रान्सफॉर्मरवर) वरच्या बाजूला 11 केव्ही (11 हजार व्होल्ट) असते आणि खालच्या पेटीत दोन फेजमध्ये 433 व्होल्ट.

एबी स्विचचे (खांबावर लाइन तोडणाऱ्या स्विचचे) हँडल खाली आले म्हणजे लाइन बंद झाली, असे धरू नका. रॉड ढिला असेल किंवा पाते चिकटलेले असेल तर दोन फेज सुटतात आणि तिसरा तसाच राहतो. खाली उभे राहून तिन्ही पाती उघडलेली डोळ्यांनी बघायची, मग डीओ (11 केव्ही बाजूचे फ्यूज) उतरवायचे. त्यानंतर डिस्चार्ज रॉड (लाइन जमिनीला जोडणारा दांडा). त्याची अर्थची बाजू आधी जोडायची, मग हुक फेजला लावायचा, काढताना उलट. हा क्रम चुकला तर रॉडमधला करंट तुमच्यातून जमिनीत जातो.

स्विच उघडा, म्हणजे लाइन तोडलेली असली तरी दुसऱ्या वाटेने वीज येते. चेंजओव्हर स्विच न लावता कुणी जनरेटर चालू केला तर त्याचे 230 व्होल्ट सर्व्हिस वायरमधून मागे ट्रान्सफॉर्मरवर येतात. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो, त्यामुळे पलीकडच्या बाजूला ते दहा हजारांच्या घरात जातात. म्हणून लग्नसराईत आणि गणपतीत अर्थिंग जास्तच काटेकोर करायचे, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना.

किटकॅट (खालच्या पेटीतला फ्यूज) लोडवर, म्हणजे वीज वापर चालू असताना, ओढू नका, ठिणगी थेट तोंडावर येते. फ्यूज पुन्हा पुन्हा जातोय म्हणून तार दुहेरी करून टाकणे हा सगळ्यात जास्त चालणारा आणि सगळ्यात वाईट उपाय. तार जात नाही, मग ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग जळते नाहीतर कंडक्टर वितळून रस्त्यावर पडतो. फ्यूज का जातोय ते शोधा: झोळ पडलेल्या तारा वाऱ्याने एकमेकींना लागतात का, फांदी टेकलीय का, एकाच फेजवर सगळे लोड आलेय का. न्यूट्रलचा जंप (जोडणारी तार) सुटला असेल तर घराघरांत 230 च्या जागी 400 पर्यंत जाऊ शकते आणि टीव्ही-फ्रिज जळतात. म्हणून न्यूट्रल जोडताना आधी, सोडताना शेवटी.

11 केव्ही लाइनवरचे काम असेल तर उपकेंद्रातून परमिट (लाइन बंद ठेवून काम करण्याची अधिकृत परवानगी) घ्यावे लागते. ते अधिकृत कर्मचाऱ्याच्या नावावरच निघते, शिकाऊच्या नाही, आणि ज्याने घेतले त्यानेच परत करायचे. ‘साडेअकरापर्यंत बंद ठेवतो, उरकून घ्या’ हे परमिट नव्हे. एका पोलवर दोन फीडर (उपकेंद्रातून निघालेल्या वेगवेगळ्या लाइन) असतील तर बंद कुठला आणि चालू कुठला, हे चढण्याआधी लाइनमनला मोठ्याने विचारा.