सात वर्षांचा मुलगा अजून रात्री अंथरूण ओलं करतो, असं का होतं?

आळस किंवा खोडी म्हणून तर नक्कीच नाही. झोपेत त्याला कळतच नाही. रात्री मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त स्रवतं आणि लघवी कमी तयार होते. काही मुलांमध्ये ही व्यवस्था उशिरा बसते. मूत्राशय भरतं, पण गाढ झोपेतल्या मेंदूपर्यंत निरोप पोचत नाही. पाच वर्षांच्या साधारण १५ टक्के मुलांचं असं होतं आणि दरवर्षी त्यातली बरीच आपोआप सुधारतात.

आजीला विचारून बघा, बाबासुद्धा लहानपणी गादी भिजवायचा का! हे बहुतेक वेळा घराण्यातूनच येतं.

एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे बद्धकोष्ठता. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, त्यामुळे आधी पोट साफ होतंय का ते बघा. संध्याकाळनंतर पाणी, चहा कमी, झोपताना लघवी. पण दिवसा पाणी तोडू नका. रागावणं, चारचौघांत सांगणं तर अजिबात नको.

मात्र सहा महिने कोरडा राहून पुन्हा सुरू झालं, लघवीला जळजळ असेल किंवा तहान फार लागून वजन उतरत असेल, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मधुमेह किंवा जंतुसंसर्ग तपासावा लागतो.