सतरंजी अंथरणाऱ्याचे कृपादान

प्रश्न : आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) अन्य भाषा, म्हणजे प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने उच्चारली जाणारी, ऐकणाऱ्यांना न कळणारी भाषा, बोलणाऱ्यांना मान मिळतो. मला ना उपदेश जमतो ना गायन. रविवारी सतरंज्या अंथरतो आणि आठवड्यात आजाऱ्यांच्या घरी जातो, एवढेच. याला कृपादान, म्हणजे देवाने कृपेने दिलेली देणगी, म्हणता येईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : निःसंशय. बायबलमधील, प्रेषित पौलाने करिंथकरांस (करिंथ शहरातील मंडळीला) लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायातील कृपादानांच्या यादीत रोग बरे करण्याच्या दानालगतच साहाय्य करणाऱ्यांचा उल्लेख येतो आणि अन्य भाषा अगदी शेवटी येतात. १४व्या अध्यायात तर मंडळीची उन्नती हीच कसोटी त्याने लावली असून, अर्थ न सांगता उच्चारलेल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द त्याला अधिक मोलाचे वाटतात. ज्या शहरात मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच गल्लीत कानावर पडतात, तेथील माणसाला, न कळलेल्या प्रार्थनेला ‘आमेन’ कसे म्हणावे, ही पौलाची अडचण वेगळी समजावून सांगायला नको. विड्या वळून बोटे आखडलेल्या एखाद्या तेलुगू भाषिक आजीच्या उशाशी बसून डॉक्टरांची चिठ्ठी तिला कळेल अशी वाचून दाखवलीत, तर ती उन्नतीच झाली. (सतरंज्यांचे म्हणाल, तर उचलताना एखाद्या तरुणाला हाताशी घ्या, त्याचेही दान कदाचित तिथेच सापडेल.)