अर्ध्यातून परतणारी प्रदक्षिणा

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस, "माझ्या मैत्रिणीच्या घरचे सुट्टीत कोकणात जातात, समुद्र आणि देऊळ एकाच फेरीत होतं. आपल्या मराठवाड्यात समुद्रच नाही. मग आजोबांकडे गेल्यावर त्या सगळ्या देवळांत बघायचं काय? आणि शंकराच्या देवळात लोक प्रदक्षिणा अर्ध्यातच का सोडतात?" दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

देव नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून फिरायचं. आपल्याकडची बरीच जुनी शिवमंदिरं पूर्वाभिमुख आहेत. समोर उभी राहिलीस की आधी डावीकडे, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीकडे वळायचं, मग मागची पश्चिमेची भिंत, मग उत्तरेची. उत्तरेच्या भिंतीतून दगडी पन्हळ बाहेर आलेली दिसेल, बहुतेक वेळा गायीच्या किंवा मगरीच्या तोंडाची. गाभाऱ्यातल्या पिंडीवर घातलेलं पाणी शाळुंकेच्या, म्हणजे पिंडीखालच्या दगडी बैठकीच्या, टोकावरून वाहत इथून बाहेर पडतं. अभिषेकाचं पाणी ओलांडायचं नाही, ही रीत. म्हणून पन्हळीपाशी थांबायचं आणि आलीस त्याच वाटेनं मागे फिरायचं. पूर्ण प्रदक्षिणा करायची असेल तर मागे फिरून, दारावरून पुढे जाऊन पन्हळीच्या दुसऱ्या बाजूला पोचायचं आणि तिथून परत नंदीपाशी यायचं. हिला सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात. पाणी जमिनीखालून गेलेलं असेल किंवा वर फरशी टाकलेली असेल, तर लोक सरळ फिरतात. पन्हळीखालचा दगड बारा महिने ओला असतो आणि त्यावर शेवाळ धरतं. अनवाणी पायांना ते फार निसरडं, तेव्हा रीत म्हणून नाही तरी हाडं जपायची म्हणून तिथून मागे फिर.

कोकणात हरिहरेश्वराची प्रदक्षिणा खडकांवरून समुद्राला लागून जाते. तिथे भरती-ओहोटीची वेळ विचारूनच पाऊल टाकावं लागतं, भरतीच्या लाटांनी माणसं ओढली गेली आहेत. तिथे फेरी कुठवर घालायची ते समुद्र ठरवतो, आपल्याकडे ते पन्हळ ठरवते. आणि आपल्याकडे या फेरीतच सगळं बघून होतं. रांगेतून आत गेल्यावर गाभाऱ्यात जेमतेम अर्धा मिनिट मिळतो. बाहेरच्या भिंतीपाशी मात्र हवा तेवढा वेळ उभं राहता येतं, आणि मूर्तिकारांनी जीव ओतला आहे तो त्या भिंतींवर. घाईघाईनं दर्शन घेऊन प्रसादाकडे पळणाऱ्यांना मराठवाड्याचं निम्मं देऊळ दिसतच नाही, असं माझं ठाम मत आहे.

भिंत खालून वर बघत जायची. खाली आडव्या थरांचा पाया, त्यावर मूर्तींचा पट्टा, त्याला जंघा म्हणतात, आणि वर शिखर. जंघेच्या तिन्ही बाजूंना मधोमध एकेक देवकोष्ठ, म्हणजे मूर्तीसाठी केलेला कोनाडा असतो. शिवमंदिर असेल तर तिथे अंधकासुराचा वध करणारा शिव, नटराज आणि हाडं दिसणारी चामुंडा अशी तिघं बऱ्याचदा सापडतात. कोनाडा रिकामा असला तर पायाशी बघ, कधी वाहन किंवा पायाचा तुकडा उरलेला असतो आणि त्यावरून देव ओळखता येतो.

विष्णूची मूर्ती भेटली तर आयुधं वाच. चार हातांत पद्म, शंख, चक्र आणि गदा असतात आणि त्यांच्या अदलाबदलीनं विष्णूची चोवीस नावं होतात. सुरुवात मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून करायची, मग वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला तर तो केशव. चूक हमखास एकच होते: मूर्तीचा उजवा हात म्हणजे तुझ्या समोर डावीकडचा, हे विसरायला होतं. दुसरं, खालचा उजवा हात तुटलेला असेल तर क्रम लावू नकोस, तळव्यावरचं कमळ वेगळं कोरलेलं नसतं आणि हात गेला की तेही जातं. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या अन्व्याला तर विष्णूची आयुधं हातात घेतलेल्या स्त्रीमूर्ती बाहेरच्या भिंतींवर आहेत. दिसायला सुंदर आहेतच, पण आयुधांचा क्रम लावत फिरलीस तर सबंध सकाळ कमी पडेल.

उजेडाचं गणित आधी कर. तू डिसेंबरात जाणार, तेव्हा सूर्य दक्षिणेकडून जातो. दक्षिणेच्या भिंतीवर दिवसभर तिरपं ऊन असतं आणि कोरीव काम उठून दिसतं. पश्चिमेची भिंत दुपारी चारनंतर बघ. उत्तरेच्या भिंतीवर त्या महिन्यात ऊन पडतच नाही, तिथे डोळे सरावायला दोन मिनिटं उभी राहा. फ्लॅशनं काळ्या दगडाचे फोटो सपाट येतात.

आत शिरताना उंबऱ्यावर कीर्तिमुख, म्हणजे दात विचकलेला राक्षसी चेहरा कोरलेला असतो, त्यावर पाय द्यायचा नाही. चौकटीच्या वर मधोमध ललाटबिंब, तिथे बहुतेक गणपती. सभामंडपाच्या मध्यभागी गोल, जराशी उंच रंगशिळा असते. तिच्यावर उभी राहून वर बघ: छताचे दगड एकावर एक पुढे सरकवत रचून घुमट केलेला दिसेल. चुना नाही, सिमेंट नाही, एका दगडाला खाच आणि दुसऱ्याला खुंटी. लोक अशा प्रत्येक देवळाला हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री पंडित 13व्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. देगलूरजवळच्या होट्टलची देवळं त्याच्या आधीची, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली. तेव्हा 'हेमाडपंती' ऐकलंस की बांधणीची पद्धत समज, साल धरू नकोस.

याच बिनचुन्याच्या सांध्यांना सगळ्यात मोठा धोका आहे. पिंपळाचं रोप सांध्यात रुजलं की दहा-वीस वर्षांत मुळं दगड बाजूला सारतात. आणि त्यावर उपाय म्हणून कुणी सांध्यात सिमेंट भरलं की आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, भिंत आतून फुगते. भक्तीनं दिलेला ऑइलपेंटही तसाच, मूर्तीचे डोळे-दागिने बुजवून टाकतो आणि काढायला गेलं की दगडाचा पापुद्रा सोबत येतो. गावकऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून जास्तच वाईट वाटतं. तू निदान कोरीव दगडावर तेल, कुंकू, नाणी चिकटवू नकोस.

देवळाच्या आवारात किंवा पारावर उभे शिलापट्ट दिसतील. त्या वीरगळी, लढाईत पडलेल्या वीरांच्या. त्या खालून वर वाचायच्या. सगळ्यात खाली लढाई, कधी शेजारी गाई, म्हणजे गोधन वाचवताना तो मेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. त्यावर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, ते असेपर्यंत त्याची कीर्ती राहील म्हणून. शेजारच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एकच हात असेल तर ती सतीशिळा.

आता कुठे जायचं. बारा ज्योतिर्लिंगांपैकी वेरूळचा घृष्णेश्वर, औंढ्याचा नागनाथ आणि परळीचा वैजनाथ ही आपण आपल्याकडची मानतो. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना कमरेच्या वरचे कपडे काढून जावं लागतं, म्हणून मामाला बटणाचा शर्ट घालायला सांग आणि एक पिशवी जवळ ठेव. तिथून जवळच लेणी आहेत. कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, 8व्या शतकातलं, डोंगर वरून खाली कोरत आणलेलं. त्याचं तोंड पश्चिमेला, म्हणून ते दुपारनंतर बघ. प्रदक्षिणेच्या दिशेनं गेलीस की आधी उत्तरेच्या बाजूला महाभारताचा पट लागतो आणि परतताना दक्षिणेला रामायणाचा. कैलास पर्वत हलवणारा रावणही त्याच दक्षिण बाजूला खाली आहे. त्याचे वीस हात मोजायला थांब. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. मधमाश्यांची पोळी दिसली तर अत्तर नको, आरडाओरडा नको.

औंढ्याला नंदी देवळाच्या मागे आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं, अशी गोष्ट सांगतात. म्हणून उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी नंदीच्या शिंगांवर ठेवून मधून पिंड बघायची रीत इथे जमत नाही. गाभारा जमिनीखाली आहे, पायऱ्या अरुंद आणि उभ्या, छत ठेंगणं. बसत-वाकत उतरावं लागतं. आजीच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही आणि गर्दीत आत हवा कमी पडते, त्यांना वरूनच हात जोडू देत. देवळाचा खालचा कोरीव भाग जुना आणि वरचं शिखर नंतरचं, हा फरक दुरूनही कळतो.

परळीला पिंडीला हात लावू देतात. बेल वाहताना देठाची जाड गाठ खुडायची आणि पान पालथं ठेवायचं. परळीहून अंबाजोगाई साधारण पंचवीस किलोमीटर, एका दिवसात दोन्ही होतं. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी चित्पावन घराण्यांची कुलदेवी आहे. तुझ्या मैत्रिणीच्या आजीला विचार, समुद्रकाठची ती माणसं कुळाचार करायला घाट चढून आपल्याकडे येतात. देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं आणि मुहूर्त टळल्यानं वऱ्हाड दगडाचं झालं, ही कथा गावात कुणीही सांगेल. तिथेच बाराखांबीचं देऊळ आणि आद्यकवी मुकुंदराजांची समाधी बघून घे.

तुळजापूरला आपण चढत नाही, पायऱ्या उतरून देवीकडे जातो. कल्लोळ आणि गोमुख तीर्थावर हातपाय धुऊन पुढे जायचं. ओटीला खण किंवा साडी, त्यावर तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, बांगड्या. नारळाची शेंडी देवीकडे करायची. ओटी ओंजळीत मावेल एवढीच घे आणि खणाची टोकं दुमडून धर, रांगेत धक्का लागला की तांदूळ सांडतातच. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळ. पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी काही दिवस देवी निद्रेत असते, म्हणून आजोबांकडून पंचांग बघून घे. माहूरला रेणुकेकडे गेलात तर तिथला प्रसाद म्हणजे कुटलेला तांबूल, तो थोडासा आपल्या घरच्या देवापुढे ठेवायला आजीला दे.

आणि किनारा म्हणशील तर आपला किनारा गोदावरीचा. काठची माणसं तिला गंगाच म्हणतात. पैठणला एकनाथांची समाधी, गंगाखेड जनाबाईंचं गाव, धारासूरला गोदावरीकाठी गुप्तेश्वराचं उंच कोरीव देऊळ. घाटाच्या शेवटच्या दिसणाऱ्या पायरीवर बसून पाय सोडायचे, त्याच्या पुढे जायचं नाही. पात्रात वाळू उपसलेले खड्डे असतात, वरून पाणी गुडघाभर वाटतं आणि पुढचं पाऊल डोक्यावर जातं. जायकवाडी धरणातून पाणी सोडलं की पातळी बघता बघता वाढते, म्हणून घाटावरच्या माणसांना आधी विचार. परभणी जिल्ह्यात वालूरची गोल फिरत खाली जाणारी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे. तिच्या पायऱ्या तिरकं पाऊल टाकत उतर.

मोठ्या ठिकाणी मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, पण खेड्यातल्या देवळांत अडचण वेगळीच असते: गाभाऱ्याला कुलूप. किल्ली गुरवांकडे किंवा शेजारच्या घरी असते. दुपारी बारा ते तीन कुणाला उठवू नका. सकाळी नऊच्या आत गेलात तर पूजा चालू असते आणि दार उघडं मिळतं. मामाला पुढे पाठव, "कोणत्या गावचे, कुणाचे?" हे विचारलं जाईलच. आजोबांचं नाव आणि गाव सांग, तेवढ्यावर दार उघडतं. टॉर्च सोबत ने, आत दिवा नसतो.

तुझी,
आई