जुना ट्रक कधी सेल्फ घेतो, कधी घेत नाही. नवा सेल्फ टाकू का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: २००८ सालची सहाचाकी डिझेल गाडी, १२ व्होल्टची. भिवंडीच्या गोदामातून माल उचलून तळोजा एमआयडीसीत टाकता. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, पण दुपारी माल उतरवून परत निघायचं म्हटलं की चावी फिरवल्यावर एकच ‘टक्’ आणि पुढे शांतता. मग ड्रायव्हर जेवून येतो आणि कुणी हात न लावता गाडी सुरू. आठवड्यातून दोनदा तरी हे होतं. बॅटरी नवी झाली, सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) खोलून तिचे कार्बन (ब्रश) बदलले, आता गॅरेजवाला म्हणतो अख्खा सेल्फच नवा टाका.

थोडं थांबा. नवा सेल्फ लागेलही, पण ते ठरवायला फारसा खर्च नाही. लागतात ती फक्त दुपारची दहा मिनिटं, गाडी रुसलेली असतानाची.

अधूनमधून येणाऱ्या बिघाडाची खोडच ही. गॅरेजला नेली की गाडी शहाण्या पोरासारखी वागते. मिस्त्री दहा वेळा सेल्फ मारून बघतो, दहाही वेळा सुरू. मग तो तरी काय करणार, अंदाजाने एकेक पार्ट बदलत जातो. आणि प्रत्येक पार्ट बदलल्यावर गाडी चार दिवस नीट चालतेसुद्धा, कारण काढता-घालताना कुठलं तरी टर्मिनल हललेलं असतं, एखादा नट नव्याने आवळला गेलेला असतो. आपल्याला वाटतं, झालं काम.

मी हे सगळं भोगलंय. आमची गाडी तुर्भ्याला, एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटला लागायची. दोन महिन्यांत बॅटरी, सेल्फचं आर्मेचर (आतला फिरणारा भाग), इग्निशन स्विच एवढं बदलून झालं होतं. पहाटे चार वाजता भरलेली गाडी गेटमध्ये ‘टक्’ करून बसते आणि मागे हॉर्न सुरू होतात, तेव्हा काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको. रिकामी असती तर धक्का मारून निघाली असती. भरलेल्या गाडीला धक्का मारायला कोण येतो?

चोर सापडला तो भलतीकडेच. आमचे ड्रायव्हरमामा म्हणायचे, ॲक्सिलरेटर जड झालाय. केबल बदलली. महिन्याभरात नवी केबलही जड. ती काढलेली केबल पिशवीत टाकून मी कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलला एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेलो होतो, खरं तर दुसऱ्याच कामाला. त्यांनी केबल हातात घेऊन वाकवली, आतली प्लॅस्टिकची नळी वितळून गुठळी झाली होती ती नखाने दाखवली आणि विचारलं, “सेल्फ मारताना त्रास देते का गाडी?”

मी बघतच राहिलो. केबलचा आणि सेल्फचा काय संबंध?

संबंध असा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर पुष्कळ गाड्यांत चेसिसला आवळलेली असते, आणि चेसिसपासून इंजिनापर्यंत तांब्याची एक चपटी वेणी असते, अर्थचा स्ट्रॅप. सेल्फचा सगळा करंट परत जायची वाट तीच. ती खराब झाली की करंट दुसरी वाट शोधतो, म्हणजे ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, जे काही धातूचं इंजिनाला जोडलेलं असेल ते. शेकडो अँपिअर त्या बारक्या तारेतून जायला लागले की ती तापणारच. (तुमचा ड्रायव्हर असं काही म्हणतोय का, आधी विचारा. सेल्फ मारल्यावर केबल हाताला गरम लागली तर पुढचं सगळं वाचायचीही गरज नाही.)

वायरमननी गाडीखाली जाऊन स्ट्रॅप सोडवला. वरून वेणी चांगली दिसत होती. लगच्या (टोकाला बोल्टसाठी बसवलेल्या कडीच्या) तोंडाशी वाकवली आणि हिरवी पूड सांडली, तारा कोरड्या शेवयांसारख्या तुटल्या. चेसिसकडच्या बोल्टची कथा वेगळी. आदल्या वर्षी पासिंगच्या वेळी आम्ही चेसिसला काळा रंग मारला होता, तेव्हा कुणीतरी स्ट्रॅप काढून, रंग मारून, त्या रंगावरच परत आवळला होता. दोन महिने मला या बिघाडाचा अर्थ लागत नव्हता, आणि गाडीलाही तोच लागत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या मिस्त्रीने टेस्ट लँप लावून बघितलाय, लख्ख पेटतो. पेटणारच. २१ वॅटचा बल्ब दोन अँपिअरही घेत नाही. जोडात एक ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा असला तरी बल्बला त्याचा पत्ता लागत नाही. पण तीनशे अँपिअर ओढणाऱ्या सेल्फच्या वाटेत तेवढाच अडथळा आला तर तिथेच तीन व्होल्ट खलास. बारामधले नऊ उरले, त्यात बॅटरी स्वतः दबते ती वेगळीच. म्हणून दिवे लागतात, हॉर्न वाजतो आणि सेल्फ ‘टक्’ करून गप्प बसतो.

दुपारीच का, याचंही उत्तर यातच आहे. तांबं तापलं की त्याचा अडथळा वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. सॉलेनॉइड म्हणजे चावी फिरवली की सेल्फला मोठा करंट जोडून देणारा, सेल्फवरचाच विजेचा स्विच. इंजिनाच्या उष्णतेने त्याची कॉइल साठ अंशांनी तापली तर जवळजवळ पाव हिश्शाने अडथळा वाढला. तिची ओढ कमी पडते. त्यात जोड खराब असेल तर सकाळी कसंबसं निभावणारं काम दुपारी निभत नाही. जेवण होईपर्यंत सगळं निवतं आणि गाडी सुरू होते.

तर करायचं काय? पाचशेच्या आतला डिजिटल मल्टिमीटर घेऊन गाडीतच ठेवा आणि ड्रायव्हरला सांगून ठेवा की बंद पडली की कशालाही हात न लावता आधी फोन करायचा. बोनेट उघडून टर्मिनल हलवायचं नाही, पान्याने ठोकायचं नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला लाकडी ओट (अडसर). स्टॉपची नॉब ओढून धरा म्हणजे इंजिन पेटणार नाही, नुसतं फिरेल. मीटर २० व्होल्ट डीसीवर. एकाने दोन-तीन सेकंद चावी फिरवायची, दुसऱ्याने आकडा वाचायचा.

मीटरच्या वायरची पहिली सुई बॅटरीच्या एका खुंटावर, दुसरी दुसऱ्यावर. सुई शिशाच्या खुंटावरच टेकवा, क्लॅम्पवर नको. गाडी नुसती उभी असताना आकडा १२.६च्या आसपास हवा. सेल्फ मारताना १०च्या वर राहिला तर बॅटरी ठीक. ‘टक्’ होतंय आणि आकडा १२.४वरून हलतही नाही, तर बॅटरीतून करंट निघतच नाहीये, वाट कुठेतरी तुटलीय. उलट आकडा ८ किंवा ७ला कोसळला तर बॅटरी गेली (नवी असली तरी जाते) किंवा सेल्फ आतून जाम होऊन भलता करंट ओढतोय.

मग अर्थ. एक सुई निगेटिव्ह खुंटावर, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी. सेल्फ मारताना इथे काही दिसताच कामा नये, ०.३पर्यंत चालतं. आमच्या गाडीत २.८ आलं होतं.

तसंच पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, अर्ध्या व्होल्टच्या आत हवं.

तुमच्या गाडीत मला खरा संशय पुढच्या तपासणीचा आहे. सॉलेनॉइडवर दोन जाड बोल्ट असतात, एकावर बॅटरीची केबल आणि दुसऱ्यावरून सेल्फच्या आत जाणारी. दोन्हींवर सुया टेकवा. नुसतं उभं असताना १२ दाखवेल. चावी फिरवून ‘टक्’ झालं की तो आकडा धाडकन शून्याजवळ यायला हवा. ‘टक्’ ऐकू आलं आणि आकडा १२लाच राहिला, तर आतले तांब्याचे पॉइंट किंवा त्यांना जोडणारी चकती जळालीय. कार्बन बदलताना बरेच मिस्त्री हे उघडतच नाहीत. नुसते पॉइंट बदलता येतात, फार तर सॉलेनॉइड बदला. त्यासाठी सेल्फ फेकायची गरज नाही.

राहिली बारीक वायर, चावीकडून सॉलेनॉइडला येणारी. चावी स्टार्टला असताना तिच्यावर १०च्या खाली व्होल्ट आले तर इग्निशन स्विच किंवा रिले तपासा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. सॉलेनॉइडचे बोल्ट पेचकसाने जोडून गाडी सुरू करायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे. गाडी गियरमध्ये असेल तर ती थेट अंगावर येते. आणि बॅटरीजवळ काम करताना हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. निगेटिव्ह आधी सोडायची, लावताना शेवटी.

सेल्फ भराभर फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही असं कधी झालं, तर तो वेगळाच आजार. सायलेन्सरमधून धूर येत नसेल तर डिझेल पोचत नाहीये: लाइन हवा घेते आहे, फिल्टर तुंबलाय किंवा पंपावर स्टॉप सॉलेनॉइड असेल तर ते अडकलंय. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, म्हणून लांबण लावत नाही.

स्ट्रॅप खराब निघाला तर जुन्याएवढ्या किंवा जास्त जाडीचा घ्या. लग प्रेसने दाबून घ्या, छन्नी-हातोडीने ठोकलेला पावसाळ्यापुरताही टिकत नाही. दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन फासा. खाडीलगतच्या या खाऱ्या, दमट हवेत उघडं तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही. दरवर्षी पासिंगला रंग मारायच्या आधी तेवढ्या जागांवर चिकटपट्टी लावायची, असं मी आमच्या पेंटरला आता दटावूनच सांगतो.

पुढच्या वेळी बंद पडली की निदान अर्थचा आणि सॉलेनॉइडच्या दोन बोल्टमधला, हे दोन आकडे घ्या आणि इथे लिहा. त्याआधी गॅरेजवाल्याला नव्या सेल्फची ऑर्डर देऊ नका.